निळे पेट्रोल

काही विषय असे असतात, की ते कधी आपल्या उंबरठ्याच्या आत पाऊल टाकतील अशी कल्पनाही मनुष्याच्या मनाला शिवत नाही. विमानात कोणते पेट्रोल घालावे, हा त्यांतलाच एक. गिरगावातल्या एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर ज्याचे सारे आयुष्य मुद्रिते तपासण्यात गेले, ज्याने विमानाचा प्रवास उभ्या जन्मात मोजून तीन वेळा केला आणि तिन्ही वेळा डोळे मिटून केला, त्याने या विषयावर लेखणी उचलावी हे वाचकांना धाडसाचे वाटेल. मलाही वाटते. पण गेल्या गणेशोत्सवात हा विषय एका कागदाच्या पुडीतून माझ्या घरात आला, आणि तेव्हापासून तो बाहेर जाण्याचे नाव घेईना.

माझा पुतण्या बारामतीला विमान चालविण्याचे शिक्षण देणाऱ्या एका संस्थेत यंत्रज्ञ आहे. दर वर्षी गणपतीला तो बायको आणि अडीच वर्षांची मुलगी यांना घेऊन आमच्याकडे येतो. आरती आटोपली, प्रसाद वाटून झाला, बायकामंडळी आत गेली, आणि याने खिशातून अंगाऱ्याची पुडी काढावी तशी एक पुडी काढून माझ्यासमोर उलगडली. आत बाजरीच्या दाण्याएवढे चार-सहा करडे मणी होते.

“काका, ओळखा पाहू!”

मी एक मणी बोटांत धरला. त्याचा तो मळकट रंग आणि आकाराच्या मानाने अधिक वाटणारे ते वजन. या गोष्टी मला परक्या नव्हत्या. मी म्हणालो, “शिसे.”

पुतण्या चकित झाला. “शिसेच. जळून क्षार झालेले. विमानाच्या प्लगमधून सुईने टोकरून काढले आहे. पण तुम्हाला कसे कळले?”

मला कसे कळले, ते पुढे सांगेन. त्या क्षणी उत्तर द्यायला सवड मिळाली नाही. कारण त्याची मुलगी आतून दुडदुडत आली, आणि बापाच्या हातात पुडी दिसताच प्रसादाच्या आशेने तिने आपले इवलेसे बोट त्या मण्यांवर ठेवले. मी ओरडलो. सणाच्या दिवशी, घरभर पाहुणे असताना, मी इतका मोठ्याने ओरडलो की पलीकडच्या बिऱ्हाडातली माणसे डोकावली. मुलगी रडू लागली, सूनबाई धावत आली, तिचे हात साबणाने धुतले गेले, आणि मी पुतण्याला चार शब्द सुनावले. ‘ज्या हाताने हे विष टोकरतोस, त्याच हाताने पोरीला घास भरवतोस काय?’ हे त्यांतले सर्वांत सौम्य वाक्य. तो खाली मान घालून ऐकत राहिला. त्या वेळी मी स्वतःला फार शहाणा समजत होतो. ही समजूत पुढे किती टिकली, तेही यथाक्रम येईलच.

मंडळी पांगल्यावर रात्री गॅलरीत बसून मी त्याला विचारले, “अरे, पेट्रोलमधले शिसे तर केव्हाच गेले ना? मग हे कुठून आले?”

“मोटारींच्या पेट्रोलमधून गेले, काका. आमच्या विमानांच्या पेट्रोलमध्ये ते अजून आहे.”

येथे एक खुलासा केला पाहिजे, कारण माझाही प्रथम गैरसमज झाला होता. सांताक्रूझहून जी प्रचंड प्रवासी विमाने उडतात, त्यांचा या प्रकरणाशी संबंध नाही. ती जेट विमाने. ती एक प्रकारच्या शुद्ध रॉकेलवर चालतात, आणि त्या रॉकेलात शिसे नसते. प्रश्न आहे तो दोन-चार माणसांच्या लहान विमानांचा, ज्यांना मोटारीसारखेच दट्ट्याचे इंजिन आणि पुढे पंखा असतो. भावी वैमानिक आपले पहिले धडे याच विमानांत गिरवतात. त्यांच्या पेट्रोलला निळा रंग दिलेला असतो. उड्डाणापूर्वी विद्यार्थी पंखाखालच्या तोटीतून थोडे पेट्रोल पारदर्शक नळीत घेतो आणि उजेडाकडे धरून पाहतो. तळाशी पाण्याचा थेंब नाही ना, रंग निळाच आहे ना, एवढे पाहिल्याखेरीज तो आत बसत नाही. पुतण्या म्हणतो, सकाळच्या उन्हात ती निळी नळी फार सुंदर दिसते.

या निळ्या पेट्रोलच्या नावात ‘अल्प शिसे’ असा शब्द आहे. अल्प म्हणजे किती? लिटरमागे अधिकात अधिक ०.५६ ग्रॅम. आकडा खरोखरच अल्प दिसतो. पण शिकाऊ वैमानिकांचे चार आसनांचे विमान तासाला तीस-बत्तीस लिटर पेट्रोल पिते. गुणाकार केला तर तासाला सतरा-अठरा ग्रॅमपर्यंत शिसे होते. आणि त्यातला मोठा भाग धूर होऊन मागे हवेत जातो. जे जात नाही, ते तेलात मिसळते, किंवा प्लगांच्या खाचांत मणी होऊन बसते. नळकांड्याच्या खालच्या बाजूच्या प्लगांत हे मणी विशेष साचतात. मग ठिणगी पडेनाशी होते, इंजिन अडखळते, आणि माझ्या पुतण्यासारखा कोणी सुई घेऊन ते टोकरीत बसतो.

आता हे शिसे पेट्रोलमध्ये घातलेच कशाला? इंजिनाच्या नळकांड्यात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण दट्ट्याने दाबले जाते आणि मग ठिणगीने पेटवले जाते. ते पेटले पाहिजे गवताच्या गंजीसारखे, एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सरकत. पण दाब फार झाला, तर ज्योत पोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण एकदम भडकते. मोटारीत याचा ठोका कानांवर येतो आणि चालक सावध होतो. विमानात पंख्याच्या घरघरीपुढे तो ऐकूही येत नाही. आणि थोड्या मिनिटांत दट्ट्याला भोक पडण्यापर्यंत मजल जाऊ शकते. रस्त्यावर इंजिन बंद पडले तर मनुष्य उतरून ढकलू लागतो. दोन हजार फुटांवर उतरण्याची सोय नसते.

हा ठोका बंद करणारे औषध अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिज्ली याला १९२१ च्या डिसेंबरात सापडले: शिशाचे एक द्रवरूप संयुग. पेट्रोलमध्ये ते चिमूटभर घातले की काम भागे. १९२३ साली ते विक्रीला आले, आणि त्याच साली मिज्लीला स्वतःलाच शिशाची बाधा होऊन विश्रांतीसाठी जावे लागले. १९२४ साली न्यू जर्सीतील बेवे येथे हे द्रव्य बनविणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. दुसऱ्या एका कारखान्यात कामगारांना हवेत नसलेले किडे उडताना दिसत. त्या इमारतीचे नाव त्यांनी ‘फुलपाखरांचे घर’ असे ठेवले होते. म्हणजे हे विष आहे हे लोकांना पुढे कळले, असे नव्हे. ते पहिल्या दिवसापासून माहीत होते. थोडे दिवस विक्री थांबली, चौकशी झाली, आणि १९२६ साली ती पुन्हा सुरू झाली. कारण सोय मोठी होती. पुढे दुसऱ्या महायुद्धात याच शिशाच्या बळावर तयार झालेल्या शंभर ऑक्टेनच्या पेट्रोलने १९४० साली इंग्रजी लढाऊ विमानांना अधिक जोर दिला. ज्या द्रव्याने देश वाचविण्यास हातभार लावला, त्याच्याविरुद्ध बोलणार कोण?

वस्तुतः आपल्या मुंबईचे विमानयुग याहून निरागस रीतीने सुरू झाले होते. जुहूचे विमानतळ १९२८ सालचे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन, अहमदाबादला थांबून, आपल्या चिमुकल्या ‘पस मॉथ’ विमानाने तेथे उतरले. अहमदाबादला त्यांच्यासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले होते, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. त्या काळच्या त्या सौम्य इंजिनांत दाब बेताचा असे आणि साध्या पेट्रोलवर त्यांचे भागे. पुढे माणसाला अधिक वेग, अधिक उंची, अधिक ओझे हवे झाले. इंजिनांचा दाब वाढला, आणि शिसे त्यांच्या आहाराचा भाग होऊन बसले. व्यसनाची कथा याहून वेगळी नसते.

मोटारींचीही तीच कथा. ३१ मार्च १९६४ रोजी मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली आणि लालबाग-परळच्या रस्त्यांवर मोटारींचे राज्य अबाधित झाले. त्यांच्या धुरातले शिसे फुटपाथवर, भाजीच्या टोपल्यांवर, शाळेतून परतणाऱ्या मुलांच्या केसांवर बसत राहिले. देशातल्या चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आले ते १९९५ साली, आणि शिशाच्या पेट्रोलवर देशभर बंदी आली १ फेब्रुवारी २००० रोजी. १९९७ च्या सुमारास मुंबईतल्या मुलांचे रक्त तपासले होते, तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांत शिसे त्या काळच्या धोक्याच्या रेषेवर, म्हणजे डेसिलिटरला दहा मायक्रोग्रॅमवर होते. बंदीनंतर दोनेक वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हा हे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशावर आले. एका द्रव्याची मनाई झाल्याबरोबर हजारो मुलांचे रक्त निवळू लागावे, असे मंगल दृश्य सार्वजनिक जीवनात क्वचितच दिसते. मोटारींसाठी शिशाचे पेट्रोल विकणारा जगातला शेवटचा देश अल्जीरिया. तेथेही ते २०२१ साली बंद झाले.

लहान विमाने तेवढी मागे राहिली. आणि ती मागे राहिली याचे मुख्य कारण ती थोडी आहेत हेच. थोड्यांसाठी नवे इंधन शोधण्याचा खटाटोप कोणत्याही तेल कंपनीला परवडत नाही, आणि थोड्यांचा धूर कोणत्याही सरकारच्या डोळ्यांत फारसा जात नाही. आपल्या देशात तर हे निळे पेट्रोल परदेशातून मागवावे लागे. २०२२ च्या सप्टेंबरात वडोदऱ्याच्या सरकारी शुद्धीकरण कारखान्याचे निळे पेट्रोल बाजारात आले. ही बातमी सांगताना पुतण्याचा चेहरा फुलला होता, आणि मलाही अभिमान वाटला. पण लगेच मनात आले, की शिसे स्वदेशी झाले म्हणून ते गोड होत नाही.

आता वडिलांची गोष्ट. ते गिरगावातल्या एका लहानशा छापखान्यात खिळे जुळवीत. जावजी दादाजींनी १८६९ साली काढलेल्या निर्णयसागराच्या सुबक टाइपाचे ते भक्त होते. पण त्यांची स्वतःची नोकरी ज्या छापखान्यात होती, त्याचे नाव आज त्या गल्लीलाही आठवत नसेल. छापखान्याचा खिळा म्हणजे शिसे, अँटिमनी आणि कथील यांचे मिश्रण. त्यांत शिशाचाच वाटा मोठा. चाळीस वर्षे वडिलांनी बोटांनी ते खिळे उचलले, आणि त्याच बोटांनी दुपारी डब्यातली पोळी मोडली. आई त्यांना रोज निघताना गुळाचा खडा देई. गुळाने शिसे उतरते अशी तिची श्रद्धा होती. पुढे त्यांच्या पोटात कळा येऊ लागल्या, मनगट लुळे पडू लागले. परळच्या एका इस्पितळात एका तरुण डॉक्टराने त्यांचा ओठ वर उचलून हिरड्यांवरची निळसर रेघ मला दाखविली. “ही शिशाची सही,” तो म्हणाला. वडिलांनी नोकरी सोडावी म्हणून मी हट्ट धरला, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “अरे, याच खिळ्यांवर तू शिकलास.” यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते गेले. त्यानंतर काही वर्षांनी छापखान्यातून खिळेही गेले. पण कामगारांचे हाल पाहून कोणाला पाझर फुटला, म्हणून ते गेले नाहीत. नवे यंत्र स्वस्त पडले, म्हणून गेले. विष जाते ते बहुधा असेच. त्याची सोय संपते तेव्हा.

विमानाच्या बाबतीत मात्र काही माणसे सोय संपण्याची वाट न पाहता पर्याय शोधीत आहेत, आणि पुतण्याने मला त्यांची हकीकत सांगितली तेव्हा मी ती एखाद्या कादंबरीसारखी ऐकली. स्वीडनमध्ये एका लहानशा कंपनीने १९९१ पासूनच शिसेविरहित विमानी पेट्रोल विकायला काढले. बेताच्या दाबाची पुष्कळ इंजिने त्यावर सुखाने चालतात. ऑस्ट्रियातील रोटॅक्सची लहान इंजिने तर शिसेविरहित पेट्रोलच अधिक पसंत करतात. गाडे अडते ते मोठ्या दाबाच्या इंजिनांपाशी. अमेरिकेत असा अंदाज आहे, की अशी विमाने संख्येने सुमारे तीस टक्के, पण निळ्या पेट्रोलपैकी सुमारे सत्तर टक्के तीच पितात.

मी म्हटले, “अरे, तुझ्या बारामतीभोवती एवढा ऊस! त्याच्या मळीचा मद्यार्क घाला की विमानात. त्यात ना शिसे, ना ठोका.”

तो हसला. “ब्राझीलमध्ये घालतात, काका. शेतांवर औषध फवारणारे एक विमान तिकडे २००४ सालापासून निव्वळ उसाच्या मद्यार्कावर उडते. पण ते इंजिन त्यासाठीच जुळवून घेतलेले आहे. मद्यार्कात उष्णता पेट्रोलच्या दोन-तृतीयांश; म्हणजे तेवढ्याच अंतराला दीडपट ओझे. शिवाय तो हवेतले पाणी ओढतो. वर थंडी पडली की पाणी आणि मद्यार्क मिळून खाली बसतात, आणि इंजिनाला पेट्रोलऐवजी तेच जाते. जुन्या रबरी नळ्याही तो फुगवतो.”

मद्यार्काच्या या गुणांमुळे एक चमत्कारिक पेच झाला आहे. आपल्या पंपांवरच्या पेट्रोलमध्ये २०२५ पासून मद्यार्काचे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले. शेतकऱ्याच्या दृष्टीने आणि परदेशी तेलाच्या खर्चाच्या दृष्टीने हे हिताचे मानले जाते. पण रोटॅक्सची इंजिने दहा टक्क्यांपर्यंतच मद्यार्क चालवून घेतात. म्हणजे ज्या थोड्या विमानांना शिशाची गरजच नाही, त्यांनाही साध्या पंपाचे दार बंद झाले. एक चांगली गोष्ट दुसऱ्या चांगल्या गोष्टीच्या वाटेत अशी आडवी येते, हे पाहिले म्हणजे जगाच्या सुधारकांविषयी मनात दया उत्पन्न होते.

अमेरिकेत ओक्लाहोमा संस्थानातील एका लहान कंपनीने २०१० च्या सुमारास शंभर ऑक्टेनच्या शिसेविरहित पेट्रोलाचा ध्यास घेतला. इंजिन चाकावर चढवून ते तापवून, थंड करून, पूर्ण जोरावर तासन् तास चालवून, मुद्दाम ठोक्याच्या कडेपर्यंत नेऊन पाहायचे; मग उघडून प्रत्येक भाग मोजायचा; मग पुन्हा पहिल्यापासून. बारा वर्षे गेली. २०२२ च्या सप्टेंबरात तेथील सरकारी विमान-खात्याने ते इंधन ठिणगीवर चालणाऱ्या सर्व विमानी इंजिनांस योग्य म्हणून मान्य केले. येथे गोष्ट संपली असती तर बरे वाटले असते. पण प्रत्यक्ष विक्री सुरू झाल्यावर काही मालकांनी तक्रार केली, की या पेट्रोलाने विमानाचा रंग उखडतो आणि टाकीच्या सांध्यांतले लुकण सुटते. कंपनी म्हणते दोष जुन्या रंगाचा. मालक म्हणतात दोष नव्या पेट्रोलाचा. वाद चालू आहे. नॉर्थ डाकोटाच्या विद्यापीठाने २०२३ साली आपली शिकाऊ विमाने चौऱ्याण्णव ऑक्टेनच्या दुसऱ्या एका शिसेविरहित पेट्रोलवर चालवून पाहिली. काही महिन्यांतच इंजिनांच्या झडपांच्या बैठका झिजून खाली बसू लागल्या, आणि त्या शरद ऋतूत विद्यापीठाला मुकाट्याने पुन्हा शिशाकडे वळावे लागले.

हे ऐकून माझ्यातला गिरगावकर उठून बसला. मी म्हणालो, “मग आपले तळपदे काय वाईट होते?” वाचकांना आठवतच असेल, की शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडविले, आणि त्याच्या पोटात पेट्रोल नसून पारा होता, अशी दंतकथा आमच्या भागात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून मीही ती ऐकली आहे, आणि चौपाटीवरची भेळ खाताना आकाशाकडे कौतुकाने पाहिले आहे. पुतण्या क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, “काका, तळपद्यांच्या विमानात झडप झिजल्याची तक्रार कोणी केली होती का?”

प्रश्न साधा होता. पण त्याने माझी झोप उडविली. खरेच, दंतकथेतल्या इंधनाने कधी रंग उखडत नाही, कधी लुकण सुटत नाही. त्याची मोजदाद नाही, नोंद नाही, म्हणून त्यात दोषही नाही. ज्या ग्रंथावर तसल्या प्राचीन विमानांची भिस्त, तो बंगळूरच्या विज्ञानसंस्थेतील विद्वानांनी १९७४ साली तपासला, आणि त्यात वर्णिलेले यंत्र उडणे शक्य नाही असा निर्णय दिला. उलट डाकोटाच्या विद्यापीठाने ‘आमची झडप झिजली’ असे जगाला सांगितले. या कबुलीत मला आता अपयश दिसत नाही. माणसाचे प्राण ज्याच्यावर तोलायचे, ते इंधन आधी शंभर ठिकाणी हरले पाहिजे. आणि हरले असे लोकांसमोर म्हटलेही पाहिजे. तळपद्यांविषयीची माझी माया यामुळे आटली नाही. एका मराठी माणसाने त्या काळी आकाशाचे स्वप्न पाहिले, एवढे मला पुरे आहे. पण स्वप्नाने टाकी भरत नाही.

आता माझ्या शहाणपणाचा हिशेब. माझ्या ओरडण्याने घाबरून पुतण्याने बारामतीस परतण्यापूर्वी स्वतःचे आणि मुलीचे रक्त तपासून घेतले. त्याच्या रक्तात शिसे अपेक्षेप्रमाणे निघाले. मुलीच्या रक्तातही निघाले. त्याच्याहून पुष्कळच कमी, पण निघाले. परळच्या बालरोगतज्ज्ञ बाई समजूतदार होत्या. त्या म्हणाल्या, “औषधाची गरज नाही. पण मुलांच्या बाबतीत शिशाचा निर्धोक असा आकडाच नाही. ते वाढत्या मेंदूत जाते. कुठून येते ते शोधा. बाबांचे कपडे, भिंतीचा जुना रंग, मसाले, भांडी. घरात शिशाची एखादी वस्तू आहे का?”

मी तेथेच बसलो होतो. पुतण्याकडे पाहण्यासाठी मी मान वळविली, आणि ती अर्ध्यातच थांबली.

माझ्या टेबलावर पितळी वाटीत वडिलांचे दहा-बारा खिळे ठेवलेले आहेत. छापखाना मोडला त्या दिवशी मी ते मागून आणले होते. मे महिन्यात मुलगी आमच्याकडे महिनाभर होती, तेव्हा मीच त्यांतला एक तिच्या हाती दिला होता. ‘ग गणपतीचा’ म्हणून. तिने तो उलटसुलट करून पाहिला, आणि प्रथम काय केले असेल तर तोंडात घातला. आम्ही सगळे हसलो होतो. त्यानंतर महिनाभर तो ‘ग’ तिचे खेळणे होता, आणि आजोबा तिला अक्षरओळख करून देतात या कौतुकात मी होतो.

तिच्या रक्तातले शिसे बापाच्या सदऱ्यावरून आले, की इमारतीच्या उडालेल्या रंगातून, की माझ्या पितळी वाटीतून, हे कोणताही डॉक्टर सांगू शकणार नाही. पण गणपतीसमोर उभा राहून मी जी चार वाक्ये पुतण्याला सुनावली होती, ती त्या दवाखान्यातल्या बाकावर मला एकेक करून आठवली. ज्या विषाची मला पुरती ओळख होती, ज्याची सही मी वडिलांच्या हिरडीवर डोळ्यांनी पाहिली होती, ते मी प्रेमाने जपून ठेवले होते. कारण माझ्या दृष्टीने ते विष नव्हते, आठवण होती. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात एका लहान विमानतळाभोवतीच्या मुलांच्या रक्तात अधिक शिसे सापडले, म्हणून तेथील जिल्ह्याने २०२२ च्या आरंभापासून निळ्या पेट्रोलाची विक्री बंद केली. तेव्हा विमानांच्या हौशी मालकांनी जो संताप केला, तो मला तोवर निव्वळ स्वार्थ वाटत होता. त्या दिवसापासून तो मला थोडा समजू लागला. त्यांचेही ते जुने विमान कोणाच्या तरी वडिलांचे असेल.

घरी येऊन मी खिळे साबणाने धुतले, जाड कागदात बांधले आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात कुलपात ठेवले. टाकून देण्याचे धैर्य मला झाले नाही, हे कबूल करतो. पुतण्याने बारामतीला आपल्यापुरते नियम केले. प्लग टोकरताना हातमोजे आणि तोंडावर पट्टी. कामाचे कपडे तिथेच उतरवायचे. हात-तोंड धुतल्याखेरीज मुलीला उचलायचे नाही. त्याने विद्यार्थ्यांनाही नवी सवय लावली. जमिनीवर इंजिन चालू असताना पेट्रोलचे प्रमाण कमी ठेवायचे, म्हणजे शिसे कमी साचते. हे सारे लहान उपाय. गुळाच्या खड्याहून बरे, एवढेच. खरा उपाय पेट्रोल बदलणे हाच, आणि तो त्याच्या हाती नाही. अमेरिकेने २०३० च्या अखेरीपर्यंत शिसे घालविण्याचा संकल्प सोडला आहे. युरोपने २०२५ च्या मेपासून ते द्रव्य खास परवान्याखेरीज वापरण्यास मनाई केली आहे. आपल्याकडे वडोदऱ्याला निळे पेट्रोल बनविता आले, तर कधी तरी बिनशिशाचेही बनविता येईल, अशी आशा करायला काय हरकत आहे?

तीन महिन्यांनी मुलीचे रक्त पुन्हा तपासले. आकडा खाली आला होता. बापाचाही आला होता. पुतण्याने फोनवर ते सांगितले तेव्हा मी टेबलाशीच बसलो होतो. पितळी वाटीत आता चिंचोके ठेवले आहेत.

“काका,” तो म्हणाला, “पुढच्या महिन्यात आमच्याकडे रोटॅक्स इंजिनाचे एक विमान येणार आहे. त्याला निळे पेट्रोल लागत नाही. फक्त मद्यार्क नसलेले साधे पेट्रोल कुठून आणायचे, ते अजून ठरायचे आहे. पाहू या चालवून.”

“चालवून पाहा,” मी म्हणालो, “आणि काय झिजते तेही लिहून ठेव.”